तिनं न सांगितलेलं

पीएचडीसाठी मी दिग्रसच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, राबलेल्या बायकांवर काम करत होते. त्यांतल्या एका म्हातारीला मी दोनदाच भेटले. पहिल्यांदा तिनं नुसता चहा पाजला. दुसऱ्यांदा चार वाक्यं बोलली आणि खोकल्याची उबळ आली. "पोळा झाला की ये बाई, सारं सांगीन," म्हणाली.

पोळा झाला. मी गेले नाही. यवतमाळहून दिग्रस काही लांब नाही, पण प्रबंधाचं एक प्रकरण जमा करायचं होतं. तिची चार वाक्यं मी एआयला दिली आणि लिहिलं, तिच्याच तोंडी सविस्तर कथन करून दे. दोन पानं आली. भोंगा, केसांत अडकलेला कापूस, संध्याकाळी फाटकाशी सायकल घेऊन उभा असलेला नवरा. वाचताना माझेच डोळे भरून आले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी समासात 'उत्तम' लिहिलं.

संमतीपत्रावरची सही राहिली होती. ती घ्यायला थंडीत गेले, तर दारात तिची लेक.

"माय गेली ना दिवाळीच्या आधी."

तिनं बसायला दिलं. म्हणाली, "मायचं लिहिलं म्हनता, वाचून दाखवा ना."

मी वाचू लागले. पदर तोंडाशी धरून ती ऐकत होती. सायकल आली तशी तिनं मान वर केली.

"हे कोनाचं हाय? मी पोटात होतो तवाच बाप सोडून गेला. मायले घ्यायले कधी कोनी गेलं नाही."

मी खरं सांगून टाकलं. तिला एआय समजावणं अवघड गेलं नाही. तिच्या मोबाईलमध्येही ते होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग माय स्वतः काय बोलली?"

वहीतली चार वाक्यं मी वाचली. "अजून एकडाव वाचा," म्हणाली. मी तीनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. ते प्रकरण मागे घेतलं, बाकीच्या मुलाखती ध्वनिमुद्रणाशी पुन्हा ताडून पाहिल्या. प्रबंध वर्षभर लांबला. आता एआयकडून मी संदर्भसूची नीट लावून घेते, शुद्धलेखन तपासते, आणि तसं प्रस्तावनेत लिहिते.

म्हातारीची चार वाक्यं प्रबंधात आहेत. पाचवं ऐकायला मी गेलेच नाही.