विशाखाताईने फिजीहून आणलेला निरोप

विशाखाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याण स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभा होतो. वर्तकनगरची तिची शेजारीण एवढंच म्हणाली, "ताई उठल्याच नाहीत..." त्याला आता दीड महिना होईल. माझी ही थोरली बहीण नर्स होती. उमेदीची अकरा वर्षं तिने फिजीत, एका बेटावरच्या छोट्या दवाखान्यात काढली. लग्न केलं नाही. परतली ती तिथल्या सवयी घेऊनच. खाली बसलेल्या माणसांपुढून जाताना ती कमरेत वाकायची आणि हळूच 'तुलो' म्हणायची. म्हणजे माफ करा, तुमच्यापुढून जातेय. तिथे पाहुणा आला की तो यंगोना नावाची मुळी यजमानापुढे ठेवतो, मग ती कुटून, पाण्यात कालवून सगळे एकाच करवंटीतून पितात... हे ती सांगायला लागली की आम्ही हसायचो. तीही हसायची.

बाबा गेले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. कल्याणजवळ मोहने गावातल्या आमच्या घरात माणसं दाटलेली. ताई बाबांशेजारी बसली, वाकली आणि त्यांच्या गालाला नाक लावून तिने खोल श्वास घेतला. थांबून पुन्हा एकदा. बायका कुजबुजायला लागल्या. मला लाज वाटली. मी तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. ती उठली. आठवड्याने चहा घेताना म्हणाली, "तिथे जाणाऱ्याचा असाच निरोप घेतात रे. मला बाबांचा वास ठेवायचा होता." मी विषय बदलला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

ताईला नेलं त्या दिवशी मला हे सगळं आठवत होतं. मी जवळ गेलोही. पण नातेवाईक, शेजारी, सगळे बघत होते... मी फुलं वाहिली आणि मागे सरलो.

विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, मी कामाला लागलो. गेल्या आठवड्यात फिजीहून सरोजचा फोन आला. ही ताईबरोबरची नर्स, तिथेच जन्मलेली, पण घरात हिंदी बोलणारी. तिने सांगितलं, बातमी कळली तशी गावातल्या बायकांनी मासे सोडलेत, शंभर रात्रींसाठी, कारण ताईला मासे आवडायचे. जवळचं माणूस गेलं की तिथे असं काहीतरी सोडतात. मग तिने सहज विचारलं, मी काय सोडलं.

रविवारी बायकोला घेऊन वर्तकनगरला ताईच्या घरी गेलो. चादरी, उशीचे अभ्रे बायकोने केव्हाच धुतले होते. कपाटात तळाशी एक चटई सापडली, ताई फिजीहून निघाली तेव्हा तिथल्या बायकांनी विणून दिलेली, कडेला रंगीत लोकरीची झालर असलेली. मी ती उलगडली, गुडघे टेकले आणि तिच्यात तोंड खुपसून श्वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तेवढाच. तरी मी तसाच राहिलो. बायको दारापर्यंत आली, क्षणभर उभी राहिली आणि मग तिने बाहेरून दार ओढून घेतलं.