तलासोचा उलटा पीळ

दर्मीनं विणलेल्या कासंडीतून दुधाचा थेंब पाझरला, असं चाल्बीच्या वाळवंटाकाठी कुणी कधी ऐकलं नव्हतं. रानशतावरीच्या मुळ्यांचे तंतू ती इतके घट्ट ओढी की आरीलाही शिरायला जागा सापडू नये. ही विद्या तिला थोरल्या बहिणीनं, तलासोनं दिलेली. तलासो डावखुरी. तिचा पीळ उलटा पडायचा आणि बायका त्यावरून तिला चिडवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात तलासो तापानं गेली. लेकीच्या, कबालेच्या लग्नाची कासंडी बुडापुरतीच झाली होती. आईचं काम मावशीकडे आलं.

दर्मीनं बुडावर तीन वेढे चढवले आणि उंट घेऊन पाण्याला गेली. भर दुपारी परतली, तर वेढे चार होते. चौथ्याचा पीळ उलटा.

कबालेला विचारलं, तर ती दिवसभर शेळ्यांमागे होती. शेजारणी हसल्या. उन्हानं डोकं फिरलंय हिचं, स्वतःच विणते आणि विसरते, म्हणाल्या. दर्मीनं तो वेढा उसवून टाकला. दुसऱ्या दुपारी तो जागच्या जागी होता, वर आणखी एक. तंतू ओले होते, नुकतेच दातांतून ओढल्यासारखे.

कासंडी उचलून ती तशीच बोकायो आजीकडे गेली. वस्तीत सगळ्यांत म्हातारी तीच. आजी बराच वेळ कासंडीवरून बोटं फिरवत राहिली.

"पोरीची आई आहे ती," आजी म्हणाली. "तिचं काम तू उसवतेस होय गं?"

"मग मी काय करू?"

"तू पाणी आण. जाताना मुळ्या तेवढ्या भिजत घालून जा."

दर्मी तसं करू लागली. परतताना पालाबाहेर खाकरायची. एकदा आतून आरीचा करकर आवाज येत होता. ती बाहेर उन्हातच पालाच्या चटईच्या भिंतीला पाठ लावून बसली. आवाज थांबला तरी आत डोकावायचं धाडस तिला बऱ्याच वेळानं झालं. नवव्या दिवशी कासंडीचं तोंड बांधून तयार होतं.

दूध टिकावं म्हणून दर्मीनं सुगंधी लाकडाच्या निखाऱ्यांचा धूर आत कोंडला, उंटिणीचं दूध भरलं आणि कासंडी कबालेला दिली. पोरीनं एक घोट घेतला आणि ती कासंडी छातीशी धरून रडू लागली. का, ते तिला सांगता येईना.

दर्मीनं पुढे पुष्कळ कासंड्या विणल्या, पण चारचौघींत बसूनच. अर्धी विणलेली कासंडी तिनं पालात कधी एकटी ठेवली नाही. पाण्याला जातानाही काखोटीला मारून न्यायची.