उत्तराचे शेवटचे आठ हप्ते

सुधन्वा बायकोला शीळ घालून बोलवायचा. नावाने नाही, "अगं" म्हणून नाही, शीळ. एक लांब, एक तोकडी. मी ती पहिल्यांदा ऐकली दिल्लीत, मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मला वाटलं, खालच्या मजल्यावर कुणी कुत्र्याला बोलावतंय. तर उत्तरा हातातलं तिळगुळाचं ताट टीपॉयवर ठेवून लगबगीने आत गेली. जमलेल्या पंधरा बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. मीसुद्धा केली नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

उत्तरा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. केंद्र सरकारच्या मंत्रालयात आमचा सेक्शन एकच, ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला नीलाताई म्हणायची. हुशार पोरगी! फाइलवर तिची टिपणी असली की साहेब खाली डोळे झाकून सही करायचे. आणि हा तिचा नवरा म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी. गणपतीत खणखणीत आवाजात आरत्या म्हणणार, म्हाताऱ्यांना हात धरून खुर्चीवर बसवणार, "वहिनी, प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही हं" म्हणत दारात उभा राहणार. घरी मात्र वॉशबेसिनमध्ये गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि ते बेसिन रोज घासायचं उत्तराने. तिने एकदा हे सांगितलं तेव्हा मी जेवत होते. डबा तसाच बंद केला.

तर त्या हळदीकुंकवाची गोष्ट. सुधन्वाला पानिपतला चादरी-ब्लँकेटांचं शोरूम काढायचं होतं. नोकरी त्याने आधीच सोडलेली. कर्ज काढायचं उत्तराच्या नावावर, आमच्या ऑफिसच्या पतसंस्थेतून. साडेसहा लाख, पाच वर्षं, महिन्याला चौदा हजारांचे साठ हप्ते, थेट पगारातून कापायचे. त्याला जामीनदार लागतात दोन, तेही ऑफिसातलेच. कर्जदाराचा हप्ता चुकला की तो जामीनदारांच्या पगारातून अर्धा-अर्धा जातो. एक जामीनदार उत्तराने स्वतः मिळवला होता, आमच्या सेक्शनचा शिपाई मुरलीधर. दुसरी मी.

सुधन्वा फॉर्म घेऊन बायकांच्या घोळक्यात आला. "नीलावहिनी, दिल्लीत आपली माणसं आहेत तरी किती? आपणच एकमेकांना नाही धरलं तर कोण धरणार?" झालं! हे वाक्य ऐकलं की आमच्या मंडळाच्या लोकांची अक्कल गहाण पडते. मीही एक अक्षर न वाचता सही ठोकली. बोटाला कुंकू होतं, त्याचा डाग सहीशेजारी उमटला. "शुभशकुन!" सुधन्वा म्हणाला. सगळ्या हसल्या.

शोरूम चाललं अकरा महिने. अर्धे पैसे त्याने मोबाइलवर शेअरच्या उलाढालीत घालवले, एका जुन्या मोठ्या गाडीत घालवले, आणि उरलेल्याच्या विकल्या न गेलेल्या चादरी घरी आल्या. बेडरूममध्ये छतापर्यंत ढीग. कुबट वास यायचा. उत्तराच्या साड्यांना, केसांना तो वास लागला. मेट्रोत माणसं जरा सरकून उभी राहायची, ती सांगायची. सुधन्वाचं मत असं की कर्ज तुझ्या नावावर, तेव्हा ते तुझं.

दुसऱ्या वर्षी ती एकदा निघून गेली होती. लक्ष्मीनगरला बायकांच्या पीजीमध्ये चार दिवस राहिली. मंडळाचं अख्खं शिष्टमंडळ तिला आणायला गेलं. विजयालक्ष्मीबाई, आमच्या अध्यक्षीण, पीजीच्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "थोडं अ‍ॅडजस्ट करायचं गं, पुरुषांचं असंच असतं." सुधन्वा तर खाली गेटपाशी चक्क रडला, आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कर्ज काढून पळाली, बिचाऱ्या मुरलीधरच्या पगारावर टाच येईल!" काय माणूस आहे! तळपायाची आग मस्तकात जाते नुसतं आठवलं तरी. पण उत्तराला ते लागलं. त्या दिवशी तिने ठरवलं की जायचं तर दिल्लीबाहेर जायचं, आणि जायचं ते कुणाच्याही मानेवर जू न ठेवता.

मग ती फेडत राहिली. पगारातून चौदा हजार गेले की उरलेल्यात घर चालवायचं, कारण सुधन्वा "धंदा जमवत" होता. मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतचे ई-रिक्षाचे दहा रुपये वाचवायला ती जूनच्या उन्हात चालत जायची. चार वर्षांत सरोजिनी मार्केटमधून शंभर रुपयांचा कुर्ता घेतला असेल तेवढाच. आम्ही तिथेच सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो, म्हणून मी बरोबर होते. तेव्हाही तिने आरशात पाहून परत ठेवला होता, मी बळेच घ्यायला लावला. टेबलाच्या खणात आतल्या बाजूला तिने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. हप्ता कापला की एक रेघ. मला दाखवायची आणि म्हणायची, "ताई, साठ झाल्या की मी मोकळी." मी म्हणायचे, "बिल्कुल! तुला स्टेशनवर मी सोडायला येणार."

बावन्न रेघा झाल्या तेव्हा तिची बदलीची ऑर्डर आली. नागपूर ऑफिस. तिने वर्षभरापूर्वी गुपचूप अर्ज केला होता. नागपुरात तिची मावसबहीण राहते. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. तिचा चेहरा काय सांगू! कागद टेबलावर ठेवून ती उठली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली.

अडचण एकच होती. बदलीवर जाणाऱ्याला पतसंस्थेचा ना-हरकत दाखला लागतो. कर्ज बाकी असेल तर दोन्ही जामीनदारांनी नव्याने लिहून द्यायचं की ही दुसऱ्या ऑफिसला गेली तरी आमचा जामीन कायम आहे. बस, एक सही. हप्ता तिच्या नागपूरच्या पगारातून कापला जाणारच होता. अगदी आकाश कोसळलं असतं तरी माझ्या वाट्याला आले असते छप्पन्न हजार रुपये.

मुरलीधर राजस्थानातल्या अलवरकडचा माणूस. पाच महिन्यांनी रिटायर होणार होता. कर्ज अडकलं असतं तर त्याची ग्रॅच्युइटी अडली असती. उत्तराने त्याला हे सगळं समजावून सांगायला सुरुवात केली, तर त्याने तिच्या हातातून कागद घेतला. "मैडम, आपके हाथ की चाय पी है. कहाँ साइन करना है, वो बताओ." त्याने जपून, एकेक अक्षर काढत सही केली आणि साहेबांची घंटा वाजली म्हणून गेला.

मी म्हणाले, "घरी विचारून सांगते."

घरी श्रीरंग, माझा नवरा, नव्या सोफ्यावर पाय पसरून मोबाइल बघत होता. सोफा त्याच महिन्यात घेतलेला, ऐंशी हजारांचा. त्याने मान वर न करता सांगितलं, "आठ महिन्यांचाच तर प्रश्न आहे यार. चार वर्षं काढली, आठ महिने काढेल. आपण कशाला लिहून द्यायचं?" मी वाद घातला का? नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. नाही म्हणायला मला एक नवरा मिळाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी उत्तराला म्हणाले, "अगं, आठ महिनेच तर राहिलेत. एवढं काढलंस, थोडं अजून काढ. सगळं फेडून ताठ मानेने जा." वर पाठीवरून हातही फिरवला. विजयालक्ष्मीबाई परवडल्या. त्या निदान जिन्यात उभ्या राहून चारचौघांत बोलल्या होत्या.

 उत्तरा म्हणाली, "बरं, ताई." ऑर्डरची घडी घालून तिने खणात ठेवली. नागपूरला दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं.

पंचावन्नावी रेघ झाली त्या आठवड्यात ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती डाव्या कानात कापूस घालून. साहेबांना म्हणाली, ओट्याच्या कपाटाचं दार लागलं. मला तिने जिन्यात सांगितलं. भात वेळत होती, शीळ आली, हातात गरम पातेलं म्हणून गेली नाही. दुसरी शीळ आली. तिसऱ्यांदा तो स्वतः आला. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरने सांगितलं, पडदा फाटलाय, त्या कानाने आता फारसं ऐकू येणार नाही. मी काय केलं असेल? केमिस्टकडून कानात घालायचे थेंब आणून दिले. पैसे द्यायला लागली तर म्हटलं, "राहू दे गं, आपल्यात कसले पैसे!" थू माझ्या जिभेवर.

पोलिसांत जाऊ म्हटलं तर नको म्हणाली. "पाच राहिलेत ताई. आता मध्ये काही नको."

मुरलीधर रिटायर झाला तेव्हा तीन हप्ते बाकी होते. कर्ज फिटेपर्यंत त्याची ग्रॅच्युइटी खरंच अडली. एकदाही त्याने विषय काढला नाही.

साठावी रेघ तिने मारली ती मार्चमध्ये. नशिबाने नागपूरला गेलेल्या बाईला दिल्लीला परत यायचं होतं, त्यामुळे अदलाबदल झाली. बॅग तिने महिनाभर आधी थोडी थोडी करून मुरलीधरच्या खोलीवर नेऊन ठेवली होती. निघायच्या दिवशी ती नेहमीसारखी डबा घेऊन ऑफिसात आली आणि संध्याकाळी घरी गेली नाही. निजामुद्दीन स्टेशनवर मी गेले. कबूल केलं होतं ना! मुरलीधर बॅग घेऊन आला होता, धोतर-कोटात, लग्नाला आल्यासारखा.

गाडीला अवकाश होता. मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहून काहीबाही बोलत होते: पोचलीस की फोन कर, तिकडे ऊन फार, टोपी घे. ती समोर बघत होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी फिरून दुसऱ्या बाजूला गेले. ती हसली. म्हणाली, "त्या कानाला शीळपण ऐकू येत नव्हती, ताई. शेवटचे पाच महिने तेवढं बरं गेलं."

मग पर्समधून तिने एक घडी केलेला कागद काढला. कर्ज फिटलं की पतसंस्था जामिनाचा मूळ फॉर्म परत करते. माझी सही, शेजारी कुंकवाचा डाग, आता काळपट पडलेला. "तुमची सही. सांभाळून आणली." आणि मला वाकून नमस्कार केला, भर प्लॅटफॉर्मवर. "तुमच्यामुळे झालं हो ताई. तेव्हा तुम्ही थांबवलं नसतं तर मी फेडायचं ठेवून गेले असते, आणि जन्मभर मान खाली राहिली असती."

ती हे मनापासून म्हणाली. टोमणा असता तर मी तो गिळला असता. मला सांगायचं होतं की अगं, मी तुझ्या मानेसाठी नाही थांबवलं, मी छप्पन्न हजारांसाठी थांबवलं. तोंड उघडलंही. पण घोषणा सुरू झाली, मुरलीधरने बॅग उचलली, आणि मी, तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिथून बोलले. सगळं बोलले. गाडी सुटली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत राहिली.