सासूबाईंच्या पाटल्या

विमानतळावर कस्टमच्या रांगेत पुढची मुलगी नव्याकोऱ्या महागड्या पर्सवर चपलेचा तळ घासत होती, पर्स जुनी दिसावी, ड्यूटी लागू नये म्हणून. मला किळस आली. तिची नव्हे, माझीच. तिच्या वयाची असताना दुबईच्या कोऱ्या पाटल्या घालून मीही अशीच रांगेत उभी होते. साहेबांनी विचारलं, "बाई, नव्या का?" मी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "सासूबाईंच्या हो. गेल्या बिचाऱ्या." काय नटवी होते मी! साहेबांनी हळहळून सोडलं.

बाहेर सासूबाई भाकरतुकडा घेऊन उन्हात ताटकळल्या होत्या. माझ्यावरून ओवाळत म्हणाल्या, "सुखरूप आलीस गं बाई!" मी हात पदराखाली लपवले.

घास बाई, घास ती पर्स. इतकी वर्षं घालूनही माझ्या पाटल्या मला अजून नव्याच दिसतात.