चिंधीवरचे दोन टाके

शर्टांच्या कारखान्यात बाई वीस वर्षं फक्त कॉलरी शिवत होती, म्हणून सगळे तिला कॉलरवाली म्हणत. घरी तिचं स्वतःचं एक मशीन होतं, पुढच्या खोलीत, खिडकीखाली. दिराची नोकरी सुटली, तो बिऱ्हाड घेऊन आला आणि मशीन मोरीजवळच्या बोळात गेलं. खिडकीखाली त्याचा कॉम्प्युटर बसला. दिवसभर खेळातल्या बंदुकांचे बार.

"भाऊजी, बोळात मला सुईचं नेढं दिसत नाही हो."

"मग चष्मा घ्या, वहिनी." तिच्याकडे वळूनही न बघता तो म्हणाला. "नाहीतर असं करा, या खेळात मला हरवा. दहा डाव जो आधी जिंकेल, खोली त्याची." आणि स्वतःच खो खो हसला.

नवरा स्वयंपाकघरातून ऐकत होता. तो नेहमी ऐकतच असायचा. कॉलरवाली म्हणाली, "हे साक्षीला आहेत. दीड महिन्यानं बसू."

दिरानं टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर तिनं स्वयंपाकघरात मांडला. पहिल्या पाळीहून आली की पदर खोचून बसायची. पहिला आठवडा नुसती भिंतीला धडकत होती. माउस जरा हलवला की छत दिसायचं. तिनं माउसचा वेग कमी करत करत असा आणला, की मनगट नाही, अख्खा हात फिरेल. इस्त्री फिरते तसा. बसायचं बटण दाबून धरलं तरच खेळातला माणूस खाली बसेल, सोडलं की उठेल, असं लावून घेतलं. पण चालता चालता मारलेली गोळी भलतीकडेच जायची. दीर दारातून बघून जायचा. "वहिनी, भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

एक दिवस कारखान्यात कॉलरीचं टोक शिवताना तिचा पाय थबकला. टोकाशी आलं की टाच दाबायची, मशीन जागच्या जागी थांबवायचं, सुई कापडात रुतलेली ठेवून कापड वळवायचं. नुसता पाय सैल सोडला तर दोन टाके पुढे जातात आणि टोक बोथट होतं. घरी आली तशी खेळाला बसली. डावीकडे पळताना बटण नुसतं सोडलं नाही, उजवीकडचं क्षणभर दाबलं. माणूस गपकन थांबला. गोळी बरोबर कपाळात.

त्या दिवसापासून दिराचं दारात येणं बंद झालं.

ठरल्या रविवारी दोन्ही कॉम्प्युटर पुढच्या खोलीत शेजारी-शेजारी मांडलेले होते. "मीच जोडून ठेवलंय सगळं," दीर गोड आवाजात म्हणाला. हा गोडवा तिनं कधी ऐकला नव्हता. पण तो गोडवा नसता तरी तिनं तेच केलं असतं. दुसऱ्या पाळीची बाई मशीनचा दोरा सैल करून जाते, म्हणून कामाला लागण्याआधी चिंधीवर दोन टाके घालून बघायचे, ही वीस वर्षांची खोड. तिनं सरावाच्या मैदानात दोन पावलं टाकली, माउस हलवला, खाली बसून पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले.

"भाऊजी, हे बिघडलंय."

"खेळता येत नाही म्हणून कॉम्प्युटरला नावं ठेवू नका."

"बघ की रे एकदा," नवरा पहिल्यांदाच बोलला.

दीर चरफडत वाकला. सेटिंग उघडली, थेट माउसच्या पानावर जाऊन 'उलटी दिशा'समोरची खूण काढली, मग बसायचं बटण पूर्ववत केलं. "झालं. बसा."

"मी नुसतं बिघडलंय म्हटलं होतं," कॉलरवाली म्हणाली. "काय बिघडलंय ते सांगितलं नव्हतं."

नवऱ्यानं भावाकडे असं पाहिलं, की दिराचे कान लाल झाले.

"दे खोली तिला," नवरा म्हणाला.

"फुकट नको," ती म्हणाली. "बसा भाऊजी."

दीर चिडून धावत सुटायचा, धावताना गोळ्या उधळायचा. ती कोपऱ्याशी यायची, थांबायची, मारायची. दहा-सहा. शेवटच्या डावाला त्यानं माउस भिंतीवर फेकला.

"तो उचला," ती म्हणाली. "आणि तुमचं टेबलही."

संध्याकाळी मशीन खिडकीखाली आलं. दीर बोळात खोक्यावर बसून तिच्याकडे बघत होता. तिनं दोरा ओवला, चिंधी घेतली.

"मशीनला कोण हात लावतंय आता?" तो गुरगुरला.

तिनं चिंधीवर दोन टाके घातले, उलटून पाहिले आणि मगच शर्ट हातात घेतला.