आप्पांचं लातूर बांधणारा शहेबाज

शहेबाज आमच्या नांदेडचा, देगलूर नाक्याकडचा. त्याचे वडील पाशामियाँ मोहरमचे ताबूत बांधायचे. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, खळ आणि एक लहान कात्री, एवढ्यावर म्हातारा दोन पुरुष उंचीचे मिनार उभे करायचा. तोच हात पोरात उतरला, फक्त काम बदललं. शहेबाज इंजिनिअरिंगच्या पोरांना सबमिशनसाठी पूल, धरणं, बंगले करून द्यायचा. सनबोर्ड, म्हणजे फोमचा जाड पुठ्ठा, असा कापायचा, की बोट फिरवलं तरी सांधा हाताला लागायचा नाही.

त्याच्या एका पुलाचा फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत लातूरच्या गुरुपादप्पांपर्यंत गेला. गुरुपादप्पांची, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांची, पूर्वी डाळमिल होती. ती विकलेली, बायको वारलेली, मुलगी उमादेवी बंगलोरला नोकरीत. वय अठ्ठ्याहत्तर. घरात ते एकटे आणि स्वयंपाकाला येणाऱ्या भामाबाई. त्यांच्या लहानपणी लातूरला नॅरोगेजची छोटी गाडी यायची. पुढं ती लाइन निघाली, ब्रॉडगेज आली, स्टेशन गावाबाहेर गेलं. आप्पांना ते जुनं स्टेशन परत पाहिजे होतं. घराच्या वरच्या हॉलमध्ये त्यांनी चारी भिंतींना लागून टेबलं घातली होती, त्यावर बोटभर रुंदीचे रूळ टाकले होते. इंजिनं आणि डबे परदेशातून मागवलेले, एकेक डबा पेन्सिलीएवढा. पण रुळांच्या आजूबाजूला काहीच नव्हतं, नुसतं प्लायवूड.

"गाडी हाय, गाव न्हाई," आप्पा म्हणाले. "तू गाव बांध."

शहेबाजला काम आवडलं. बायको रुखसारला म्हणाला, पावसाळा संपायच्या आत येतो. मुलगी अलीझा तेव्हा तीन वर्षांची होती. तो लातूरला आप्पांच्याच घरी खालच्या खोलीत राहू लागला.

पहिलं वर्ष मजेत गेलं. औषधांच्या खोक्यांचा पन्हाळीचा पुठ्ठा सोलून त्यानं पत्र्याची शेडं केली. आइसक्रीमच्या काड्यांचे दरवाजे, सायकलच्या तारांचे सिग्नल. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांवर रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवला की लिंबाचं झाड तयार. काळी माती मलमलच्या फडक्यातून गाळून रुळांशेजारी पसरली. आप्पा खुर्चीत बसून सांगायचे आणि शहेबाज बांधायचा. कुठं पाण्याची टाकी, कुठं अडत दुकानं, कुठं हमाल बिडी ओढत बसायचे ते दगड. आप्पांची बायको बार्शीहून नवरी होऊन त्या गाडीनं आली होती. तांब्याच्या तारेवर एमसील चढवून शहेबाजनं हिरव्या लुगड्यातली पेराएवढी नवरी केली आणि फलाटावर उभी केली. आप्पा बराच वेळ भिंग लावून तिला पाहत राहिले.

मग आप्पांना भिंतीच्या खिडक्या खुपायला लागल्या. गावाच्या मागं आभाळ पाहिजे, मधी खिडकी कशाला? शहेबाजनं खिडक्यांवर प्लाय ठोकला आणि चारी भिंतींवर आभाळ रंगवलं, उन्हाळ्यातलं, पांढुरकं. दाराजवळ टेबलाची एक फळी उचलता यायची, तिथून आत शिरायचं. आप्पांना मालगोदाम तिथंच आठवलं. फळी पक्की झाली. त्या दिवसापासून शहेबाज रोज गुडघ्यांवर टेबलाखालून सरपटत आत जायचा आणि मधल्या मोकळ्या चौकात उभा राहायचा. चौक जेमतेम खाटेएवढा. तिथं दिवसभर ट्यूबलाइटखाली उभं राहायचं. बाहेर पाऊस पडला तरी कळायचं नाही.

दुसऱ्या वर्षी आप्पा म्हणाले, "लिंब उजव्या अंगाला व्हता."

"आप्पा, तुम्हीच डाव्या अंगाला सांगितला."

"मी? मी कशाला सांगू?"

शहेबाजनं लिंब उजवीकडं नेला. महिन्यानं तो परत डावीकडं आला. टाकीचं तोंड फिरलं, शाळा दोनदा पाडली, अडत दुकानांची ओळ तीनदा बदलली. नवरीचं लुगडं हिरव्याचं जांभळं झालं, मग पुन्हा हिरवं. शहेबाजच्या ध्यानात आलं, की आप्पांच्या डोक्यातलं गाव रोज थोडं हलतंय आणि आपल्याला ते रोज जुळवून द्यायचं आहे. असं काम संपणार कसं?

त्यानं उमादेवींना फोन केला. "ताई, काम झालंय. आता मी निघतो."

"शहेबाजभाई, डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांची आठवण जाणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही असलात की ते जेवतात. दुसऱ्या कुणाच्या हातनं औषध घेत नाहीत. मी इथून काय करू, सांगा? दिवाळीपर्यंत तरी थांबा."

तो थांबला. दिवाळी गेली, संक्रांत आली. आता तो सकाळी आप्पांना आंघोळीचं पाणी काढून द्यायचा, गोळ्या द्यायचा, मग वर जायचा. पगार वेळेवर यायचा, त्यामुळं नांदेडच्या घरी कुणी फार बोलायचं नाही. महिन्याकाठी एक रविवार तो घरी जायचा. एसटीत अहमदपूरच्या स्टँडवर त्याची नजर पत्र्याच्या शेडवर जायची आणि हे करायला किती जाडीचा पुठ्ठा लागेल, याचा हिशोब डोक्यात सुरू व्हायचा. खरी माणसंसुद्धा त्याला चिकटवल्यासारखी वाटायची. एकदा घरी जेवताना रुखसार म्हणाली, "तुम्ही इथं बसलात, पण इथं नाहीत." तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. पण त्या रविवारी तो चारऐवजी दोनच्या गाडीनं परत गेला, आणि आपण असं का केलं हे त्याला स्वतःलाही कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, ती गोष्ट घडली. अकराच्या सुमाराला शहेबाज चौकात उभा राहून फलाटाची कड घासत होता. मोबाइल खाली चार्जिंगला होता. दारात आप्पा आले. त्यांनी त्याच्याकडं एकटक पाहिलं, मागं सरकले आणि दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

"आप्पा?"

"कोन हायेस आत?"

"मी शहेबाज."

"शहेबाज नांदेडला गेलाय. सुट्टीवर. तू चोर हायेस. भामाबाई आली की पोलिसाला बोलवतो."

शहेबाज टेबलाखालून सरपटत दाराशी गेला. त्यानं समजावलं, विनवलं, शेवटी ओरडला. आप्पा बाहेर खुर्ची टाकून राखणीला बसले होते. ओरडलं की ते घाबरायचे, त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू यायचा, म्हणून त्यानं ओरडणं सोडलं. दार जुन्या सागवानाचं, लाथेनं हलणारं नव्हतं. थोड्या वेळानं लाइट गेली. मिट्ट काळोख आणि पंखा बंद. घाम, फेव्हिकॉलचा वास, आणि आजूबाजूला त्यानंच बांधलेलं गाव, ज्यात हात लावायलाही जागा नव्हती. छाती दाबल्यासारखी व्हायला लागली, तसा तो चाचपडत चौकात परतला, स्क्रू ड्रायव्हर शोधला आणि समोरच्या आभाळात खुपसला. प्लाय फुटला. मागं खिडकी होती, तिला गज होते. उजेडाची एक पट्टी स्टेशनच्या छपरावर पडली. खाली रस्त्यावर रसवंतीचं यंत्र घुंगरं वाजवत होतं. त्यानं हाका मारल्या. कुणी वर पाहिलं नाही. तो तसाच फटीला तोंड लावून हवा घेत उभा राहिला.

पाचला भामाबाई आल्या आणि त्यांनी कडी काढली. आप्पा खुर्चीतून उठले, शहेबाजला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"कवा आलास रं? पोरगी बरी हाय का?"

भामाबाईंनी दोघांनाही चहा दिला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी आभाळाला पडलेलं भोक पाहिलं आणि ते लहान लेकरासारखे रडायला लागले. शहेबाजनं नवा प्लाय आणला, ठोकला, पुन्हा पांढुरका रंग दिला. हे तो मला सांगत होता तेव्हा मी विचारलं, "अरे, का?" तो म्हणाला, "हात आपोआप गेला. मग रंग लावता लावता मला भीती वाटली. बंद दारापेक्षा त्या हाताची जास्त."

त्यानं त्याच आठवड्यात उमादेवींना सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी थांबा म्हटलं नाही. रजा काढून त्या आल्या आणि वडिलांना बंगलोरला न्यायचं ठरलं. घराला गिऱ्हाईक मिळालं. अख्खं गाव दारातून बाहेर निघणं शक्यच नव्हतं, तेव्हा स्टेशनचा तेवढा तुकडा कापून द्या, असं त्या म्हणाल्या. शहेबाजनं आधी मालगोदाम काढलं, मग टेबल करवतीनं कापलं. आप्पा शेजारी बसून बघत होते. "मोठी लाइन येनार हाय," ते शांतपणे म्हणाले, "म्हनून काढायलेत." फलाट, टाकी, नवरी आणि एक लिंब असलेला दीड हाताचा तुकडा बंगलोरला गेला. बाकीचं गाव भामाबाईंच्या नातवानं टेम्पोत भरून नेलं. त्याचं पुढं काय झालं, शहेबाजनं विचारलं नाही.

तो आता नांदेडलाच असतो. अलीझा शाळेत जाते आणि त्याच्याशी हळूहळू बोलायला लागली आहे. मागच्या महिन्यात उमादेवींचा फोन आला. आप्पा जेवत नाहीत, नांदेडच्या पोराला बोलवा म्हणतात, इथं एक खोली रिकामी आहे, बघा जमलं तर.

"न्हाई जमणार, ताई," शहेबाज म्हणाला.

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

फोन ठेवल्यावर दोन दिवस त्यानं कात्रीला हात लावला नाही. जेवण बेताचंच होतं. तिसऱ्या दिवशी हैदराबादच्या एका हौशी माणसानं लोखंडी पादचारी पुलाचा फोटो पाठवला, असा करून मिळेल का म्हणून. शहेबाजनं आधी विचारलं, कधीपर्यंत पाहिजे? तारीख ठरवून घेतली, ती रुखसारला सांगितली आणि मग पुठ्ठ्यावर पट्टी ठेवली.