मी न दिलेली मतं

प्रिय सई आणि रोहन,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. काही वगळायचं नाही, असं तिला माझ्या वतीने सांगा. शनिवारच्या तुमच्या मतहक्काच्या सभेआधी ते पोचायला हवं, म्हणून आज बाकीची कामं बाजूला ठेवून बसले आहे.

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर सई म्हणाली, "आज्जी, मी आता अठराची होणार, पण आमच्या वॉशिंग्टन डीसीला फुल व्होट नाहीच. आमची प्रतिनिधी संसदेत बसते, बोलते, पण फायनल मत देऊ शकत नाही. तू तर व्होट करतेस ना?"

मी उठून निवडणुकीची फाइल आणली. दर निवडणुकीआधी इथल्या नगरपालिकेकडून नावानिशी एक पत्र येतं: अमुक रविवारी, अमुक शाळेत मतदानाला या. जर्मन पासपोर्ट घेतला तेव्हापासूनची सगळी पत्रं मी तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. ती कॅमेऱ्यासमोर धरली.

"वॉव! सगळी जपून ठेवलीस?"

रोहन मागून ओरडला, "आज्जी चहाच्या डब्यांची झाकणंसुद्धा फाइल करेल!"

सगळे हसलो. सईने फोटो काढला. 'माझी आजी एकही निवडणूक चुकवत नाही' असं त्याखाली लिहून ती तो पोस्टरवर लावणार आहे. मी हसत राहिले आणि फाइल परत कपाटात ठेवली.

सई, ती पत्रं इतकी कोरीकरकरीत आहेत कारण ती कधी घराबाहेर गेलीच नाहीत. मागच्या बाजूला टपालाने मत देण्यासाठी अर्ज असतो, तोही प्रत्येक पत्रावर रिकामा आहे. मी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही.

याची सुरुवात दिल्लीतली आहे. माझे वडील, म्हणजे नाना, साताऱ्याहून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले आणि तिथेच निवृत्त झाले. तेव्हा दिल्लीला स्वतःची विधानसभा नव्हती. एक परिषद होती, पण तिने फक्त सल्ला द्यायचा. नाना म्हणायचे, "पंगतीत बसवतात आणि वाढायचं मात्र विसरतात." दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा मिळावा म्हणून निवृत्तीनंतर ते करोलबागेत दारोदार सह्या गोळा करत फिरायचे. मराठी घरांतून बहुतेकदा एकच उत्तर यायचं: "आपण काय इथले आहोत का?"

नानांनी माझी सही मागितली तेव्हा मीही तेच म्हटलं. माझं लग्न ठरलं होतं, पासपोर्टसाठी पोलीस चौकशी व्हायची होती. "नाना, आपण महाराष्ट्रातले. मला यात ओढू नका."

"अगं, जन्मलीस इथे, शिकलीस इथे. साताऱ्याच्या कुठल्या मतदारयादीत तुझं नाव आहे, सांग बरं?"

मी सही न करताच आत निघून गेले. निघायच्या दिवशी पालम विमानतळावर आई माझ्या पर्समध्ये सुपारीची पुडी कोंबत होती, आणि नानांनी कोटाच्या खिशातून तो सह्यांचा, घड्या पडलेला कागद काढला. "अजून जागा आहे," म्हणाले. पासपोर्ट माझ्या हातात होता. आता भीतीचं कारण उरलं नव्हतं. पण रांगेत सुटाबुटातली माणसं होती, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आणि नानांचं ते फिसकटलेलं कार्बनचं अक्षर. मला त्या कागदाची लाज वाटली. खरं सांगायचं तर नानांची वाटली. "लोक बघतायत हो," मी पुटपुटले. तुमचे आजोबा थट्टेने म्हणाले, "नाना, आता ही जर्मनीची झाली!" नाना हसले, कागदाची घडी केली आणि मला म्हणाले, "पोचल्यावर तार कर."

आम्ही र्युसेल्सहाइमला आलो. आजोबा मोटारींच्या कारखान्यात आणि मी शाळेच्या वाचनालयात. पुढे व्हिसाच्या रांगांना कंटाळून जर्मन पासपोर्ट घेतला. आजोबा असेपर्यंत म्हणायचे, "आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकात लुडबूड करू नये." मला ते सोयीचं वाटायचं. पण कचरा न्यायचा वार बदलला तेव्हा मीच राटहाउसला, म्हणजे नगरपालिकेला, तीन पत्रं लिहिली, तीही अचूक जर्मनमध्ये. तेव्हा मी कुठली पाहुणी होते?

खालच्या मजल्यावरच्या फ्राउ क्र्युगर मूळच्या पश्चिम बर्लिनच्या. भिंत होती तोवर तिथल्या लोकांना देशाच्या संसदेसाठी थेट मत देता येत नसे. त्यामुळे इथे आल्यापासून त्या प्रत्येक मतदानाच्या रविवारी बेल वाजवतात. "आल्झो, मग येताय ना मतदानाला?" पहिल्यांदा मी सांगितलं, ओव्हनमध्ये केक आहे. मग पाहुणे, मग गुडघा. मागच्या खेपेला त्या चाकांच्या वॉकरला धरून दारात उभ्या होत्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "तुमचा केक फारच सावकाश भाजतो हं." शाळा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे.

सई, तू ज्यासाठी उन्हात उभी राहतेस ते माझ्याकडे टपालाने घरपोच येत होतं, आणि मी त्याला भोकं पाडून फाइलला लावत होते. तो फोटो लावू नकोस. लावायचाच असेल तर खाली खरं लिही. तुझ्या मैत्रिणी मला नावं ठेवतील, ती मला ऐकावी लागतील. नानांनी जे मागितलं ते दिल्लीला अजून पूर्ण मिळालेलं नाही. माझ्या एका सहीने ते मिळालं असतं असंही नाही. पण त्यांनी ती माझ्याकडे दोनदा मागितली होती.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी इतकी वर्षं आधी सातारा, मग दिल्ली सांगत आले. साताऱ्यात आता मला ओळखणारं कोणी नाही. दिल्लीतलं बिऱ्हाड आई-नानांबरोबर संपलं. मी राहते ते र्युसेल्सहाइममध्ये, आणि इथल्या लोकांनी मला कधीच पाहुणी म्हटलं नव्हतं, ते मीच म्हणत होते. इथला माझा मताचा हक्क अजून शाबूत आहे. मी तो एकदाही वापरलेला नाही.

तुमची,
आज्जी